माझं अबोध मन आणि शुक्रवारची फाइल

माझ्या मनाच्या तळाशी काय आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, एक मला सोडून. ते तसंच असायला हवं, असं मुलगी म्हणते. ती इथे भोपाळच्याच एका कॉलेजात मानसशास्त्र शिकते. यंदा तिला प्रॅक्टिकलला काम मिळालं होतं की एका माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचा मनोगतिक दृष्टिकोनातून अभ्यास करा. म्हणजे माणूस आज असा का वागतो, याची मुळं त्याच्या बालपणात आणि त्याला स्वतःलाही न दिसणाऱ्या अबोध मनात शोधायची. शेवटी या पद्धतीची बलस्थानं आणि उणिवा लिहायच्या. फाइल शुक्रवारी द्यायची होती. ती वेळेत दिली नाही तर तोंडी परीक्षेला बसू देत नाहीत.

तिची पहिली पसंती आई होती. "मला काय धाड भरलीय?" असं म्हणून बायको भाजी चिरायला निघून गेली. मग मी बिनविरोध निवडून आलो.

मंगळवारी सुट्टी टाकून मी अवधपुरीतल्या आमच्या फ्लॅटमधल्या दिवाणावर आडवा झालो. आडवं होणं ही म्हणे पद्धतच आहे. चौथ्या मिनिटाला मला झोप लागली.

"प्रतिकार," मुलीने वहीत लिहिलं. "मन काहीतरी लपवतंय."

"अगं, वरण-भातानंतर आडवं केलंस तर दुसरं काय होणार?"

"देखो, लगेच सफाई देताय. तेही लिहिते."

मग तिने माझी खोड काढली. नागपूरची गाडी चारची असली की मी घरच्यांना दोनलाच स्टेशनवर नेऊन बसवतो. बायको म्हणते, "आपली गाडी येईपर्यंत आपण दुसऱ्यांच्या दोन गाड्यांना निरोप देतो." मुलीने विचारलं, असं का? मी उठून बसलो. कारण याचं उत्तर म्हणजे माझी खास गोष्ट होती. लग्नाकार्यात, रेल्वेच्या डब्यात, पंगतीत मी ती असंख्य वेळा सांगितली आहे. पाच वर्षांचा असताना मी बडनेऱ्याच्या स्टेशनवर दोन तास हरवलो होतो. कधी मला चहावाला सांभाळतो, कधी हमाल. समोर कोण बसलंय ते बघून मी ठरवतो. मुलीला मी चहावाला दिला. तिचे डोळे भरून आले, आणि मला फार बरं वाटलं.

बुधवारपर्यंत तिची अठरा पानं झाली. त्या हरवलेल्या दोन तासांतून तिने माझं वेळेआधी पोचणं तर काढलंच, शिवाय दाराची कडी तीनदा बघणं, फ्रीजमध्ये उरलेली वाटीभर आमटी टाकू न देणं आणि सारखे विनोद करणंही काढलं.

"विनोदाचं काय?"

"ती तुमची ढाल आहे, बाबा. आतली भीती झाकायला."

"मला नाही तसं वाटत."

"नाही म्हणताय म्हणजे नकार. तीपण संरक्षण यंत्रणाच असते."

"बरं, मग वाटतं."

"चला, मान्य केलंत."

इथे माझ्यातला कारखान्याचा माणूस जागा झाला. मी मंडीदीपला सुट्या भागांची तपासणी करतो. भोक मापात आहे की नाही ते बघायला आमच्याकडे दोन टोकांचं गेज असतं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही टोकं आत गेली तर तो भाग बाद. "तुझ्या या सिद्धांताला दुसरं टोकच नाही," मी तिला सांगितलं. "हो म्हटलं तरी आत जातं, नाही म्हटलं तरी आत जातं. असं गेज आम्ही भंगारात टाकतो."

ती रागावली नाही. "हे मस्त आहे," म्हणून तिने ते उणिवांच्या पानावर उतरवून घेतलं. माझं नाव मात्र घातलं नाही.

गुरुवारी दुपारी फक्त एक काम उरलं होतं. प्रयुक्ताच्या, म्हणजे माझ्या, आठवणीला घरातल्या एका माणसाचा दुजोरा घ्यायचा. तिने नागपूरला माझ्या आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मी चहावाल्याचा उल्लेख होण्याची वाट बघत बसलो.

"हा कुठं हरवला होता वं?" आई म्हणाली. "मोठा हरवला होता."

मोठा म्हणजे माझा दादा. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी पंख्याकडे. पस्तीसेक वर्षं मी दुसऱ्याचं हरवणं सांगत आलो होतो, तेही चहावाल्यासकट. तिने तातडीने दादाला फोन केला. त्याला काही आठवत नव्हतं, आणि तो आजही सुटलेली गाडी धावत पकडतो.

"अठरा पानं," मुलगी म्हणाली. "उद्या द्यायचीयत." कशीबशी ती पुढे म्हणाली, "असंही लिहिता येईल की तुम्ही दादाकाकाची भीती स्वतःची करून घेतलीत..."

"बघ, पुन्हा आत गेलं," मी म्हणालो. ती हसली नाही. मग मीच आईला परत फोन लावला. दादा हरवला तेव्हा मी कुठे होतो, एवढंच विचारायचं होतं.

"तू? तुले बाकड्यावर सामानापाशी बसवलं होतं. म्हटलं, हलायचं नाही. अन् मी मोठ्याले शोधत फिरली. दोन तासांनी आली तर तू तसाच. रडला नाही, बोलला नाही. चड्डी तेवढी ओली होती."

दोन तास नसतील. आई वेळ वाढवूनच सांगते, ही सवय मला कुठून लागली ते उघड आहे. बाकडं मला आठवत नाही. आजही आठवत नाही. फक्त पायाशी अंथरुणाचा होल्डॉल होता आणि त्याचा चामडी पट्टा मी धरून ठेवला होता, हे मला आईने न सांगता माहीत होतं.

मुलीने पेन खाली ठेवलं. "बाबा, हे लिहू?"

"लिही. चड्डी वगळ."

"चड्डी महत्त्वाची आहे."

"मग सगळंच लिही."

संध्याकाळपर्यंत तिने फाइल नव्याने लिहिली. मी पानांना भोकं पाडून दिली. उणिवांना तीन पानं लागली: आठवणींचा भरवसा नसतो, एका माणसावरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही, प्रत्येक गोष्टीचा दोष आईवर जातो, शिवाय ते गेज. बलस्थानांत तिने दोनच ओळी लिहिल्या: माणसाला जे आठवत नाही, तेही त्याच्यात राहतं; आणि विचारत गेलं तर सापडतं. त्या मी वाचल्या आणि खाली सही केली. शुक्रवारी फाइल जमा झाली. मॅडमनी न कुरकुरता घेतली.

रविवारी आईचा फोन आला. "काय निघालं मंग त्याच्यातून?"

"सगळं तुझ्यामुळे झालं, असं निघालं."

"एवढ्यासाठी कॉलेजात जा लागते?" ती म्हणाली. मला वाटलं, आता माझ्याबद्दल काहीतरी बोलेल.

"बरं ऐक," ती म्हणाली, "मोठ्याले चार दिवसांपासून खोकला आहे."