क्लच नसलेली गाडी

बायकोचा डावा पाय आधी गेला. एकदम नाही, हळूहळू ऐकेनासा झाला. ती खापरखेड्याच्या शाळेत शिकवायची आणि नागपूरहून रोज स्वतः गाडी चालवत जायची, तिथल्या वीजकेंद्राच्या राखेच्या ट्रकांना मागे टाकत. मला गाडी येत नाही, मी स्कूटरवाला माणूस. लग्नाबारशाला जाताना तीच चालवायची आणि मी शेजारी बसून रस्ता सांगायचो, बहुतेक वेळा चुकीचा.

एकदा ती शाळेतून आली, गाडी लावली आणि उतरलीच नाही. मी खाली गेलो तर म्हणाली, "मले आता क्लच दाबल्या जात नाही." डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हा पाय सुधारणार नाही, पुढे दुसराही जाईल, कधी ते सांगता येत नाही, असंही सांगितलं.

रडत बसण्याऐवजी ती गाड्या पाहायला लागली. उजवा पाय ठणठणीत होता, फक्त क्लच नको होता. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, क्लच नसलेली हायब्रिड तिच्या मनात भरली. चार्जिंगची भानगड नाही, रस्त्यात खोळंबलो तर इंजिन बंद आणि एसी चालू. नागपूरच्या मे महिन्यात हे काही थोडं नाही. इलेक्ट्रिकवर करमाफी होती, पण सोसायटी पार्किंगमध्ये प्लग लावू देईना. हायब्रिडवर आपल्याकडे माफी नव्हती. दुसऱ्या एका राज्यानं मात्र दिली होती, आणि तेच माझ्या डोक्यात बसलं.

नागपूरच्या सदर भागात माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. लोकांना सवलती शोधून देण्यात माझं आयुष्य गेलं. मीच पूर्ण कर भरून गाडी घेतली तर क्लायंट हसतील, असं मला खरंच वाटलं. आज लिहितानाही लाज वाटते. मी म्हटलं, मार्चमध्ये राज्याचं बजेट आहे, त्यात माफी येईल, लागोपाठ पाडवा, मुहूर्तावर गाडी दारात. बजेटमध्ये हायब्रिडचं नावही नव्हतं. मग दसरा धरला. दसऱ्यानंतर पुन्हा बजेट. ती म्हणाली, साधी ऑटोमॅटिक घेऊ, जुनी मिळाली तरी चालेल. मी म्हटलं, घ्यायचीच तर चांगली घेऊ. तोवर ती आधी बसनं जात होती, मग बसची पायरी चढवेना म्हणून एका शिक्षिकेच्या स्कूटीवर मागे बसून, काठी आडवी धरून. तक्रार करायची नाही. फक्त संध्याकाळी आमच्या जुन्या गाडीवरची धूळ पुसायची आणि वर यायची.

दुसरा पाडवाही तसाच गेला. त्या उन्हाळ्यात तिचा उजवा पाय गेला. शाळा उघडायच्या आधी तिनं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. मी तो टाइप करून दिला.

पुढे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिघा डॉक्टरांनी पाय उचलून पाहिले, वाकवून पाहिले, सही-शिक्का झाला. परतताना ऑटोत मी तो कागद वाचत होतो. वाचता वाचता एकदम आठवलं की असं प्रमाणपत्र असेल तर गाडीच्या करात सवलत मिळते. सांगू नये, पण क्षणभर मला आनंद झाला. इतके दिवस ज्याच्या मागे होतो ते हाती लागलं, असाच आनंद. आणि मी ते बोलूनही गेलो.

"आता गाडीवर सूट मिळेल आपल्याला."

तिनं कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी केली, पर्समध्ये ठेवला.

"घ्या मंग," ती म्हणाली. "पण चालवन कोण?"

तो टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण तिनं साधंच विचारलं होतं, आणि माझ्याकडे पाहत उत्तराची वाट बघत होती.