पेटी शेतांपलीकडे गेली

जपानमधल्या त्सुकुबा शहरात नवऱ्याची संशोधन संस्था आहे त्या भागात सगळं चकचकीत आहे, पण आम्ही राहतो ते जुन्या वस्तीत. हट्ट माझा. पुण्यात जन्मभर फ्लॅटमध्ये काढल्यावर मला अंगण हवं होतं. अंगण मिळालं आणि त्याबरोबर कुंपणापलीकडच्या आजी मिळाल्या. त्या मला 'ओकु-सान' म्हणत, म्हणजे कुणाची तरी बायको. सुरुवातीला माझं डोकंच फिरायचं. मग लक्षात आलं की हे आपल्याकडच्या 'वहिनी'सारखं आहे, आणि राग गिळला.

निवडणूक आली की आजी आणि आजोबा बरोबर मतदानाला जात. केंद्र आमच्या गल्लीच्या टोकाला, वस्तीच्या समाजमंदिरात. आजी मोत्यांची माळ घालत, आजोबा टोपी. दोघांची मतं मात्र कायम एकमेकांच्या विरोधात. "मी यांचं मत खोडते, हे माझं खोडतात. घरीच बसलो तरी हिशेब तोच," आजी हसून सांगायच्या. पण घरी कधी बसल्या नाहीत. परत आल्यावर चहासोबत भांडण सुरू व्हायचं आणि ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. मला त्यांचा हेवा वाटायचा. मला इथे मत नाही, आणि पुण्यातलं मत द्यायचं तर स्वतः विमानाने जाऊन रांगेत उभं राहायला हवं.

मग आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, वाचणंही गेलं. पेपर समोर धरला की ते फोटो बघत, अक्षरांकडे बघून तोंड फिरवत. पण माणूस आत शाबूत होता. सकाळी न्याहारीनंतर तासभर डोळे अगदी लख्ख असत. त्यानंतर ते हळूहळू दमत जात आणि दुपारी हाक मारली तरी ओ नसे.

त्याच सुमारास समाजमंदिरातलं मतदान बंद झालं. वस्तीत माणसं उरली नाहीत, केंद्रावर बसायला कुणी मिळत नाही, म्हणून पेटी गेली शेतांपलीकडच्या शाळेत. तिकडे बस नाही. गाडी आजोबा चालवत, ती विकून टाकलेली. टपालाने मत द्यायची सोय इथे आहे, पण आजोबांपेक्षा जास्त खालावलेल्या माणसांसाठी. कचेरीतल्या बाईंनी फोनवर इतक्या अदबीने नकार दिला की शेवटी आजींनीच त्यांची माफी मागितली.

मी घरात आदळआपट केली. "एका सकाळपुरती एक पेटी इथे आणून ठेवली असती तर आभाळ कोसळणार होतं का?"

"माझ्यावर कशाला ओरडतेस?" नवरा म्हणाला. "मी ठेवतो का पेट्या?"

निवडणूक जाहीर झाली तेव्हा उमेदवारांच्या पोस्टर्सची फळी मात्र नेहमीप्रमाणे समाजमंदिरासमोरच उभी राहिली. पेटी नाही, चेहरे हजर. आजी रोज सकाळी आजोबांची व्हीलचेअर तिथे न्यायच्या. आजोबा डावा हात उचलून एका चेहऱ्यावर बोट ठेवत. रोज त्याच. मी भाजी घेऊन येताना थांबले, तर आजींनी कपाळावर आठ्या घातल्या. "बघा ना, अजूनही हाच! इतकं होऊन सुधारणा नाही." आणि त्यांचे डोळे भरून आले.

आजोबांना या वेळीही स्वतःचं मत देता यावं, एवढंच आजींचं मागणं होतं. "तोंडाने काही सांगता येत नाही यांना," त्या म्हणाल्या. "एवढं एक तरी सांगू देत."

मी म्हटलं, आम्ही गाडीने नेतो. "दाइजोबु," त्या म्हणाल्या, म्हणजे नको, चालेल आमचं. इथे नको म्हटलं की नको समजायचं असतं. पण मी पंगतीत आग्रह बघत वाढलेली बाई. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या कमरेत वाकल्या.

रविवारी लवकर निघायचं ठरवलं होतं. पण दुखणाइताला कपडे घालून, टोपी चढवून, नवऱ्याने उचलून गाडीत बसवेपर्यंत सकाळ सरली. शाळेच्या आवारात पोचलो तेव्हाच आजोबांची मान कलायला लागली होती. समाजमंदिर असतं तर एव्हाना घरी येऊन चहा झाला असता.

आम्ही दोघं परदेशी, मतदान चालू होतं त्या शाळेच्या व्यायामशाळेच्या दारातच थांबलो. आतलं सगळं दिसत होतं. इथे मतपत्रिका कोरी असते, उमेदवाराचं नाव मतदाराने पेन्सिलीने स्वतः लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याने नावावर बोट ठेवायचं आणि दोन कर्मचाऱ्यांनी त्याच्यासाठी लिहायचं. घरच्या माणसाने एक शब्द बोलायचा नाही. नियम योग्यच आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही.

त्यांनी आजोबांपुढे यादी धरली. आजोबा बघत राहिले. डावा हात उचलला, कागदावर फिरवला, खाली ठेवला. परत उचलला. मग त्यांनी आजींकडे पाहिलं, हरवलेल्या मुलासारखं.

यादीत फक्त नावं होती. एकही चेहरा नव्हता.

आजींना हे सुचलंच नव्हतं. जन्मभर त्या नाव मनात पक्कं करून जात, यादीकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. आणि मी? चिन्हावर बटण दाबणाऱ्या देशातली बाई, माझ्या तरी कुठून लक्षात येणार! घरी उमेदवारांच्या फोटोंचं सरकारी पत्रक पडलं होतं. मी दारातूनच ओरडले, "मी जाऊन आणते!" सगळी व्यायामशाळा वळून बघायला लागली.

आजींनी आजोबांकडे पाहिलं. त्यांची हनुवटी छातीला टेकली होती, टोपी मांडीवर पडली होती. आजींनी मला मानेनेच नको म्हटलं. त्या वेळी मला आग्रह करवला नाही.

मग आजी स्वतःची मतपत्रिका घेऊन आडोशाला गेल्या. बराच वेळ तिथे उभ्या होत्या.

परतताना गाडी मी चालवत होते. नवरा शेजारी. मागे आजी आजोबांचं डोकं खांद्यावर घेऊन बसल्या होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "निदान तुमचं मत तरी पडलं."

"मी यांच्या माणसाचं नाव लिहिलं," आजी म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मग तुमचं?"

"माझं राहिलं." त्यांनी आजोबांची टोपी नीट केली. "यांना उत्तर देता येत नसताना यांच्याविरुद्ध एकटीने मत टाकवेना, ओकु-सान."

मला पुढचा रस्ता दिसेना. गाडी शेताच्या कडेला घेतली.