पहिला नंबर किसनाचा

कबड्डीत जो आधी बाद होतो तोच आधी परत आत येतो, म्हणून बाद झालेले गडी क्रमानं रांगेत बसतात. काल दुपारी आमच्या गावच्या रांगेत पहिली जागा रिकामी होती. ती किसनाची. डाव्या कोपऱ्यात तो एकदा घोट्याला बिलगला की समोरचा गडी जागीच बसायचा. गेल्या वर्षी नांगरताना ट्रॅक्टर बांधावरून उलटला, आणि किसना त्याखाली गेला.

शेवटच्या मिनिटाला आम्ही बरोबरी साधली. एक गडी आत घ्यायचा होता, पण रांगेत त्या रिकाम्या जागेमागं बसलेला विठू उठेना.

"ऊठ की लेका, हरू अशानं आपण," मी रेषेबाहेरून ओरडलो.

"आधी त्याचा नंबर, काका."

डावा कोपरा तसाच रिकामा राहिला. शेजारगावचा गडी चढाईला आला. आमच्या तिघांनी त्याला उजवीकडून घेरलं. डावीकडे सगळं रान मोकळं. तो तिकडे दोन पावलं पळाला, थबकला आणि आयता सापडला. आम्ही जिंकलो. मला वाटलं, माणूस जातो, पण त्याला वळसा घालायची सवय मागं राहते.

पाण्याच्या पिंपापाशी मी त्या गड्याला मुद्दाम डिवचलं, "पाव्हणं, डावीकडं मोकळं होतं की."

"मोकळं कुठलं?" तो घोटा चोळत म्हणाला. "कोण हाय ओ तो? हात लई गार त्याचे."

मी रांगेकडे वळून पाहिलं. विठू अजून बसूनच होता. फक्त एक जागा पुढे सरकला होता.