शेवयांच्या दिवसांत डीआरओ

ऐन चैत्रात माझ्या शेवयांच्या मशीनचा दांडा गेला. म्हणजे दांडा धड होता. पण त्यावर पुली घट्ट धरून ठेवणारी लोखंडी चावी असते ना, तिची खाच झिजून पार सैल झाली. मोटर फिरे, पुली फिरे आणि दांडा जागच्या जागी ढिम्म. आमच्या धाड गावात उन्हाळा हीच माझी वर्षाची कमाई. बाया रवा-मैद्याचे डबे घेऊन सकाळीच ओट्यावर येऊन बसतात. थोडे दिवस थांबतात, मग बाजाराकडच्या दुसऱ्या मशीनवर जातात, आणि एकदा तिकडे गेलेली बाई पुढच्या वर्षीही तिकडंच जाते.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, बस डेपोच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. मागच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांची जुनी मिलिंग मशीन आहे, जालन्याच्या भंगारातून उचलून आणलेली. लोखंडात खाच पाडणं हेच तिचं काम. दांडा हातात घेऊन ते म्हणाले, "कायले काळजी करतेस? दुसऱ्या अंगानं नवी खाच पाडून देतो. एका दुपारचं काम. फक्त आधी डीआरओ बसवू दे."

डीआरओ म्हणजे काय, हे मला इतक्यांदा समजावून झालंय की झोपेत विचारा. मशीनच्या टेबलाला एक काचेची पट्टी लावायची, पट्टीवर एक ठोकळा सरकतो, त्याची वायर वरच्या डब्यात जाते. टेबल केसभर हललं तरी डब्यावर लाल आकडे हलतात. आकडे कसले, चांगले बोराएवढे! सगळ्यात मोठ्या आकड्यांचा डबा मागवला होता त्यांनी. मला वाटलं, हौस.

पार्सल आलं आणि घरात लग्न निघाल्यासारखं झालं. पट्टी बसवायला पत्र्याचे कोन हवेत, कोनांना छिद्रं हवीत, छिद्रं पाडायला ड्रिल हवं, आणि ड्रिलचा पट्टा तुटलेला. पट्टा आला तर पट्टी तिरपी बसली. काढून परत बसवली तर टेबल उजवीकडे नेलं की आकडा उणे दाखवी. मालकांना तो अपमान वाटला. "मी इकडं पुढं जाऊन राह्यलो अन् हे मले मागं दाखवून राह्यलं!" दिवसभर त्या डब्याशी भांडले. शेवटी शेजारच्या गुरुजींनी चष्मा लावून माहितीपत्रक वाचलं आणि एक बटन दाबलं. गुरुजी जन्मभर गणित शिकवत आले. त्या डब्याला मात्र ते अजून टीव्हीच म्हणतात.

मग घरात मायक्रॉनची साथ आली. कॅलेंडरचा खिळा पाच मायक्रॉन खाली, दरवाजा पन्नास मायक्रॉन घासतोय. माझी भाकर उचलून म्हणाले, "कडेला जाड झाली." मी म्हटलं, "मग टाका तिले टेबलावर अन् पाडा खाच." ओटा रिकामा, बाया गेलेल्या, आणि हा माणूस भाकरीचं माप काढतोय. डोक्यात अशी सणक गेली की पोळपाटच फेकून मारावा!

शेवटी मी दांडा पिशवीत घातला. "बुलढाण्याला नेते. तिथं तासात करून देतील."

"माह्या घरात मशीन असतानी बाहेरचा हात लागंल त्याले?"

"मग करा ना! आधी तर टेबल सरकवायच्या चाकावरच्या मापाच्या रेघा पाहून फटाफट करत होते. आताच काऊन टीव्ही लागते?"

मालकांनी पिशवीतून दांडा काढून घेतला आणि शेडमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी पूजा. नव्या वस्तूला आमच्याकडे हळदकुंकू लागतंच, म्हणून मी डब्याला टिळा लावला. मालकांनी वर लिंबू-मिरची बांधली, तीही नेमकी त्या ठोकळ्याच्या वायरीला. "नजर नको लागायले," म्हणाले. गुरुजी हात जोडून उभे. विज्ञानाला इतका मान आमच्याकडेच मिळतो, बाप्पा!

दांडा टेबलावर आवळला. खाच कुठं थांबवायची तिथं मी स्वतः निळ्या शाईनं रेघ ओढून दिली होती. मशीन सुरू झाली, मालक डब्याकडे बघत चाक फिरवू लागले. टेबल सरकलं, तशी लिंबाची दोरी एका कोनात अडकली, ताणली गेली आणि वायर उपटून निघाली. आकडा जिथं होता तिथंच थांबला. टेबल चाललंय, आकडा उभा, आणि मालक आपले फिरवताहेत. कटर माझ्या निळ्या रेघेवर आलं, रेघ ओलांडून पुढं गेलं.

"अव माय, थांबा! रेघ गेली ना!"

थांबले. "कोणती रेघ?"

एवढी ठसठशीत रेघ, गुरुजींनाही दिसली होती. मशीनला नजर लागली नव्हती. यांचीच नजर गेली होती. गुरुजी चप्पल शोधत बाहेर गेले. मी म्हटलं, "दिसत नाही तुम्हाले?"

"बारीक रेघा नाही दिसत. आकडे दिसतात."

"मले सांगाले काय झालं होतं?"

"तू म्हणली असती, आता बंद करा, मशीन विकून टाका. मंग मी दिवसभर काय करू?"

मला इतका राग आला त्यांचा! आणि ते बरोबर बोलले होते, हाच राग जास्त. मी तेच म्हटलं असतं. खाच बोटभर जास्त लांब झाली होती, पण पुली पकडायला चालण्यासारखी. खोली अजून वाढवायची होती. मी लिंबू-मिरची काढून खिडकीत ठेवली, पदर खोचला आणि चाकाजवळ उभी राहिले. "फिरवा. मी रेघा मोजते." त्यांच्या हाताला काही झालं नव्हतं. मी 'बस' म्हटलं की चाक तिथंच थांबे.

दांडा बसला, शेवया सुरू झाल्या. सगळ्या बाया परत आल्या नाहीत, पण ओटा भरला. मोतीबिंदू असेल म्हणून बुलढाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावला. गुरुजींनी ओट्यासमोर उभं राहून मोठ्यानं विचारलं, "काय हो, टीव्हीनं काम केलं वाटते?"

आता हा माणूस मायक्रॉनचं पुराण लावणार, असं मला वाटलं.

"टीव्ही बंद आहे, गुरुजी," मालक म्हणाले. "मले दिसत नाही. ही सांगते, मी फिरवतो."

इतक्या बायांसमोर म्हणाले. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते, डोळे भरून आले आणि पुसायला हात नव्हता.