धोट्याच्या लाकडाचे इयरफोन

या सदरातले अनुभव मी दर वेळी वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक हसण्यावारी नेतो. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... माझा यातल्या कशावरच कधी विश्वास नव्हता. मी मल्टीमीटर मानणारा माणूस. काटा हलला तर करंट आहे, नाही हलला तर नाही — एवढंच माझं अध्यात्म. तरी हे लिहायला बसलोय, कारण एका जळलेल्या इयरफोननं माझ्या घरात जे केलं त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आम्ही मूळचे खानदेशातले, शिरपूरकडचे. माझे वडील, आप्पा, तरुणपणीच सुरतेला आले आणि पंचवीस वर्षं पॉवरलूमवर उभे राहिले. मी पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये फोल्डिंगला होतो. राहायला बमरोली रोडवरच्या चाळीत, पहिल्या मजल्यावर एक खोली, बाहेर सामाईक गॅलरी.

ज्यांनी लूमची शेड आतून पाहिली नाही त्यांना तो आवाज सांगून कळणार नाही. शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. आप्पांचे जोडीदार दगाकाका शेडच्या त्या टोकाहून ओठांनी ‘चहा’ म्हणायचे आणि आप्पा या टोकाला मशीन बंद करायचे. लहानपणी डबा द्यायला गेलो की मला याची भारी मजा वाटायची.

त्या आवाजानं आप्पांचे कान खाल्ले. आधी थोडे, मग पूर्ण. नव्वद साल उजाडलं तेव्हा ते ठार बहिरे झाले होते आणि लूम सुटला होता. शेवटच्या दिवशी आपल्या मशीनचा एक जुना धोटा ते घरी घेऊन आले — बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो, टोकाला पितळ असलेला लाकडी धोटा. तो कोनाड्यात देवाशेजारी राहिला.

घरात मग आम्ही त्यांच्याशी हातवाऱ्यांनी बोलायचो. ते खाली बघून बसायचे, खांद्याला हात लावला की वर बघायचे. आणि हळूहळू आम्हाला एक वाईट सवय लागली... त्यांच्यासमोर काहीही बोलायची. त्यांना कुठं ऐकू येतंय!

आता माझ्या छंदाबद्दल. वॉकमनचे दिवस होते. वॉकमन मला परवडत नव्हता, पण त्याचे इयरफोन — कानात बसणारे छोटे गोल, वर काळा स्पंज — यांचं मला वेड लागलं. शनिवारच्या जुन्या बाजारात मोडके, तुटक्या वायरीचे इयरफोन ढिगानं मिळायचे. मी ते आणायचो, उघडायचो. आत नखाएवढा मॅग्नेट, कांद्याच्या सालीसारखा पातळ पडदा आणि केसाहून बारीक तांब्याची कॉइल. एकाचा पडदा, दुसऱ्याची कॉइल, तिसऱ्याची वायर असं जोडून नवीन बनवायचे आणि ट्रान्झिस्टरला लावून ऐकायचं. भिंतीवर फळी ठोकली होती, तिच्यावरच्या खिळ्यांना चाळीसेक जोड्या टांगलेल्या. बायको, सुनंदा, म्हणायची, “कान दोनच शेतस ना तुम्हले?”

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात आलं की हाडातून आवाज जातो म्हणतात, मग लाकडाची कवचं करून जोरात वाजवली तर आप्पांना निदान थरथर तरी जाणवेल. धोट्याचं लाकूड घट्ट, दगडासारखं. आप्पांना खुणेनं विचारलं, त्यांनी स्वतः धोटा काढून हातात दिला. आठवडाभर कापत, कोरत, घासत बसलो. इतकी देखणी जोडी मी आधी कधी केली नव्हती आणि नंतरही नाही.

एका रविवारी दुपारी गॅलरीत ती आप्पांच्या कानात घातली, एका मित्राच्या अँप्लिफायरला जोडली आणि आवाज वाढवत नेला. आप्पांनी मान हलवली — काही नाही. आणखी वाढवला. जळका वास आला. दोन्ही कॉइल गेल्या. मी चिडून जॅक उपटला आणि मल्टीमीटर लावला. काटा जागचा हलला नाही. खेळ खलास.

इयरफोन काढायला मी हात पुढे केला, तर आप्पांनी माझा हात धरला. आणि बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, “दार लोटी ल्या. माश्या येतीस घरमा.”

मी दाराकडे पाहिलं. ते पुढं बोलले, “आज गिलकास्नी भाजी करस. पोऱ्याले आवडस नही, पन त्याले सांगू नका.”

हे माझ्या आईचं बोलणं होतं. माझी माय ब्याण्णव साली काविळीनं गेली होती. आप्पांना ऐकू येत नाही हे माहीत असूनही ती दिवसभर त्यांच्याशी बोलायची. शब्द तिचे, हेल तिचा. वायर आप्पांच्या मांडीवर मोकळी पडलेली, जॅक कशालाच लावलेला नाही. मी इयरफोनला कान लावून पाहिला, जराही आवाज नव्हता.

त्या दिवसापासून आप्पा रोज दुपारी जेवण झालं की इयरफोन घालून गॅलरीत बसायचे आणि ऐकू येईल ते मोठ्यानं म्हणत जायचे. दोन-चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की बोलणं क्रमानं येतंय. त्यांचे कान गेले तिथपासून, त्यांच्यासमोर घरात जे जे बोललं गेलं ते. माझा मिलचा पहिला दिवस. माझ्या लग्नाची बोलणी. एका दुपारी साधारण एका महिन्यातलं.

आप्पा खुश होते हो... माझ्या लग्नातही त्यांना इतकं खुश पाहिलं नव्हतं. मधेच थांबून ते मला सांगायचे, “तुन्ही माय कितली बोलस रे!” एकदा त्यांनी मायचं एक वाक्य तीनदा म्हटलं: “तुम्हले आयकू येस नही ते बरं शे. आयकू येतं त मी इतलं बोलती नही.” आणि हसता हसता रडायला लागले. सुनंदाही रडली. मला वाटलं, माझ्या हातून आयुष्यात एक तरी चांगली गोष्ट झाली.

मग एका दुपारी मायचं शेवटचं बोलणं आलं, आणि दुसऱ्या दुपारी मायचा शब्द नव्हता. आप्पा तरीही ऐकत राहिले. ब्याण्णव सरलं, त्र्याण्णव लागलं. माझ्या मुलीचा जन्म झाला. आणि त्या रात्री माझ्या एकदम डोक्यात आलं की पुढं चौऱ्याण्णव येणार.

चौऱ्याण्णवचा प्लेग. गणपती उठले आणि त्याच आठवड्यात सुरत रिकामी व्हायला लागली. आमच्या चाळीतल्या निम्म्या खोल्यांना दोन दिवसांत कुलपं. धुळ्याकडे जाणारा एक ट्रक बमरोली नाक्यावर उभा आहे असं कळलं. पोरगी दीड वर्षाची. आणि आप्पा तापानं फणफणलेले, खाटेवर. तापाच्या माणसाला ट्रकमध्ये कुणी चढू देत नव्हतं, आणि मलाही तो ताप पोरीजवळ नको होता. खाटेपासून दोन हातांवर उभा राहून मी सुनंदाला जे बोललो ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. कुजबुजलो नाही. कशाला कुजबुजायचं!

आप्पांना मी खुणा केल्या: गाडी शोधून येतो, तुम्ही पडून राहा. त्यांनी मान हलवली. आम्ही गेलो.

तीन आठवड्यांनी परत आलो तेव्हा आप्पा जिवंत होते. साधा मलेरिया होता. शेजारच्या खोलीतल्या एका ओडिया कारागिरानं त्यांना खिचडी भरवून जगवलं होतं. मला पाहून आप्पांनी पोरीला उचललं आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “गाडीमा जागा भेटनी नही. पोऱ्या काय करी?” नंतरही कुणी विषय काढला की ते हेच सांगायचे. मी ते वाक्य धरून तीन वर्षं त्यांच्या ताटाला ताट लावून जेवत होतो.

आता रोज दुपारी ते त्या दिवसाकडे एक-एक महिना सरकत होते. माझा जीव टांगणीला लागला. मी इयरफोन लपवले. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत, फळीवरच्या रिकाम्या खिळ्यासमोर बसून राहिले. शेवटी परत दिले. आधीच सगळं कबूल करावं असंही वाटलं... पण कसं? आप्पांना वाचता येत नव्हतं. आणि हाताच्या खुणांनी हे कसं सांगायचं? जेवण, पाणी, दुकान, डॉक्टर यांच्या खुणा आमच्या घरात होत्या. याची नव्हती.

ती दुपार आली. मी मिलमधून सुट्टी घेऊन घरी होतो. आप्पा गॅलरीत बसले, स्पंज नीट बसवला आणि त्यांनी म्हणायला सुरुवात केली. आधी शेजाऱ्यांचं बोलणं, कुलपांचं, ट्रकचं. मग सुनंदाचं, “आप्पास्ले काय सांगशात?” आणि मग माझं.

“म्हातारा मरी त मरो. आपली पोर वाचाडनी शे. ऱ्हाऊ दे त्याले आठेच. त्याले काय आयकू येस?”

मोठ्या, सपाट आवाजात. खाली नळावर बाया होत्या, त्यांनी वर पाहिलं. सुनंदा आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

आप्पांनी दोन्ही इयरफोन काढले. मी गुंडाळतो तशीच वायर बोटांभोवती गुंडाळली आणि जोडी माझ्या तळहातावर ठेवली. रागावले असते, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “मी तवयच वाचं व्हतं. तुन्हा ओठ.”

मी जोडी मुठीत धरून त्यांच्यासमोर उभा होतो.

“घरमा मी कोनाच्या तोंडाकडे देखत नव्हतू. काय काय वाचनं पडी... त्या दिन देखं. पन मले वाटे, ताप व्हता, डोयास्ले बराबर दिसनं नही. शेडमा बी एखाद डाव चुके. तीन वरीस मी मनले हाईच सांगं.” मग माझ्या मुठीतल्या जोडीकडे बोट करून म्हणाले, “आते आयकं.”

पंचवीस वर्षं लूमवर काढलेला माणूस ओठ वाचतो. हे मला माहीत नव्हतं का? डबा घेऊन जाणाऱ्या पोरालाही माहीत होतं. पण घरात ते खाली बघून बसायचे, आणि मी विसरलो.

मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळं बोललो. माफी मागितली, रडलो, पोरीची शपथ घेतली. बराच वेळ बोलत होतो. वर पाहिलं तर आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. त्यानंतर ते जगले ते दीड वर्ष. माझ्या तोंडाकडे त्यांनी परत कधी पाहिलं नाही.

मी मात्र एक हिशोब करून बसलो होतो. इयरफोनमधलं बोलणं पुढं सरकतं. दुपारी एक महिना या हिशोबानं त्यांनी आणखी पस्तीसेक दुपारी ऐकलं असतं तर माझी ती माफीही त्यांच्या कानावर आली असती. मी रोज जोडी त्यांच्यासमोर ठेवायचो. ते रोज वायर गुंडाळून परत द्यायचे.

नव्व्याण्णवच्या सुरुवातीला त्यांना लकवा झाला. हात गेले, आवाज गेला. मग मी स्वतःच रोज दुपारी इयरफोन त्यांच्या कानात घालायला लागलो. जबरदस्तीच होती ती, मला कळत होतं. त्यांना काढता येत नव्हते. मी दिवस मोजत होतो. त्यांचे ओठ कधी थोडे हलायचे, कधी नाही.

छत्तिसाव्या दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. बराच वेळ, सावकाश, माझ्याकडे बघत. ते नेहमीसारखं ऐकलेलं म्हणत होते की मला स्वतःचं काही सांगत होते? मी कान त्यांच्या तोंडाला लावला. नुसता श्वास. लूमवाल्याच्या घरात जन्मलो, वाढलो, पण मला ओठ वाचता येत नाहीत. शिकावं असं कधी वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गेले.

तेरावं झाल्यावर मी दगाकाकांकडे गेलो. आप्पांचे ओठ जसे हलले होते तसे मी त्यांच्यासमोर हलवून दाखवले, आठवेल तितके. काकांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. म्हणाले, “परत कर.” मी परत केलं. त्यांनी तिसऱ्यांदा करायला लावलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

“काका, काय म्हनेत आप्पा?”

“चहा लेशी का?” काका म्हणाले, आणि उठून आत गेले.

ती जोडी अजून माझ्याकडे आहे. मी कितीदा तरी कानात घालून बसलोय, मला काहीही ऐकू आलेलं नाही. मल्टीमीटर लावला तर काटा आजही हलत नाही. तुमच्यात कुणी इलेक्ट्रॉनिक्सवाले असतील तर जळलेली कॉइल कशी बोलते ते कदाचित सांगू शकतील. आप्पांचे ओठ शेवटी काय म्हणाले ते मात्र दगाकाकांना कळलं होतं असं मला वाटतं. मी त्यांना परत विचारलं नाही, आणि आता तेही नाहीत.