मैत्रीची दोन पेजं

सिल्व्हासात ‘मैत्री मोटर वाइंडिंग’ नावाची दोन दुकानं होती, कारण ललित आणि नंदकुमार भांडून वेगळे झाले तेव्हा ‘मैत्री’ सोडायला दोघांपैकी एकही तयार नव्हता. फेसबुकवरही दोन पेजं. ललितने आपल्या पेजवर सगळ्यात वर लिहून ठेवलं होतं, ‘आमची कुठेही शाखा नाही. नकली मैत्रीपासून सावधान.’

गेल्या महिन्यात नंदू अचानक गेला. त्याची बायको सुवर्णा मोबाइल घेऊन ललितच्या दुकानात आली.

“भाऊजी, दोन्ही पेजं जोडून टाका. नऊ वर्षं तुम्हाला जमलं नाही, आता फेसबुकला तरी जमू द्या.”

जोडल्यावर माणसं दोन्हीकडची राहणार होती, पण एका पेजवरचं लिहिलेलं सगळं पुसलं जाणार होतं. पुसण्याआधी ललित नंदूचं पेज चाळू लागला. आपल्या नावाने शिव्या सापडणार, याची त्याला खात्रीच होती.

खानवेलच्या एकाने विचारलं होतं, “मोठी मोटर जळालीय, करता का?”

नंदूचं उत्तर होतं, “मोठी असेल तर ललितकडे न्या. तसा हात दुसरा नाही.”

असं दहा-बारा ठिकाणी. एकाने तर विचारलं होतं, “तुम्ही दोघं अजून पार्टनर आहात का?” नंदूने लिहिलं होतं, “त्यालाच विचारा.”

ललितला कुणी विचारलंच नव्हतं.

“कोणतं ठेवायचं, भाऊजी?”

“नंदूचं.”

शाखा नसलेलं पेज पुसलं गेलं. मग त्या जुन्या प्रश्नाखाली ललितने “हो” लिहिलं, आणि सुवर्णाकडे पाठ करून जळक्या मोटरची तार उगाच सोडवत बसला.