रुसलेला बोल्ट

रुसलेल्या लोखंडाची समजूत काढणारा माणूस साऱ्या खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका माझा चुलतसासरा निघाला. सगळे त्यांना नाना म्हणत. पारोळ्याला शेती, दारात निंबाखाली जुनी पांढरी मोटार आणि बंडीच्या दोन्ही खिशांत नट-बोल्ट. रस्त्यात बोल्ट पडलेला दिसला, की समोरचा पुढारी नमस्कार करत असला तरी नाना आधी बोल्टासाठी वाकत. पुढाऱ्याला वाटे, आपल्यासाठीच. एका लग्नात त्यांनी अक्षतांबरोबर नवरदेवावर नटही टाकला होता. मोटार सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारून बैलाला विचारावं तसं विचारत, "निघूत का?" ती नाही म्हणाली तर नाना चहा घेऊन येत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, आणि माहेरचं माणूस त्यांना आणायला जातं. त्या वर्षी नानांच्या मुलीची लग्नानंतरची पहिलीच आखाजी. "तुझ्या बापाची गाडी पाहुण्यांनी ढकलायची असते," अशी धुळ्याला तिच्या सासरी चेष्टा चाले. म्हणून नानांनी निरोप धाडला होता, मोटारीनंच येतो, सणाच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत.

त्या सकाळी नानांनी मोटारीच्या इंजिनातल्या पाण्याच्या पंपाचं पॅकिंग बदललं. शेवटचा बोल्ट आवळायचा राहिला होता. बायकोबरोबर सणाला आलेला, जळगावच्या कचेरीत कागदांना टाचण्या लावणारा मी पुढे झालो. "द्या नाना, मी आवळतो." मनगटातली रग सासुरवाडीला दाखवायची संधी रोज थोडीच येते! पाना फिरवला. आणखी थोडा, असं माझ्याच आतून कोणीतरी म्हणालं. कट्ट! बोल्टाचं डोकं माझ्या हातात आणि धड इंजिनात.

जावयाला बोलायचं नाही, हा त्या घराचा कायदा. माझ्या हातून बरणी फुटली तर बरणी निसरडी ठरे. नानी ओट्यावरून म्हणाल्या, "बोल्टच हलकट व्हता!" नाना म्हणाले, "जवाईबापू, तुम्ही खाटवर बठा. सरबत ल्या." त्या सरबतापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

मेकॅनिक सणासाठी आपापल्या गावी गेलेले. नानांनी तुटलेल्या बुंध्यावर थेंब थेंब रॉकेल सोडलं आणि स्वस्थ बसले. ऊन सरकत होतं. मला राहवेना. "नाना, पहार आणू?"

"रुसेल माणूसले ओढीसन आनतस का? मुरू द्या जरा."

मग एक बोथट छिन्नी बुंध्याच्या कडेला तिरपी टेकवून ते उलट्या दिशेनं ठोकू लागले. ठोके इतके हलके, की निंबावरचा कावळाही उडाला नाही. कान इंजिनाला, डोळे मिटलेले. आवाज कुठेतरी बदलला म्हणे. मला तो ऐकू आला नाही, नानांच्या चेहऱ्यावर दिसला. "उना, उना!" आला, आला, असं ते पुटपुटले, आणि लेकराच्या पायातला काटा काढावा तसा तो तुकडा दोन बोटांनी फिरवत बाहेर काढला. मी खाटेवरून कधी उठलो आणि हात कधी जोडले, मला कळलं नाही. खिशात तसाच दुसरा बोल्ट निघालाच.

धुळ्याला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. लेक पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली. "नाना, इतका उशीर? सगळे हसत होते मला!" ती रडू लागली. नानांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी घरचा कायदा मोडला. माझ्याकडे बोट करून ते गरजले, "ह्या गधडानी बोल्ट तोडा!"

लेक रडता रडता हसली. तिचे सासरेही हसले. सगळ्यांत जास्त मी हसलो. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. त्या घरचा मी त्या संध्याकाळी झालो.

आता नाना नाहीत, मोटारही नाही. त्या घरातला सगळ्यांत जुना जावई मी. पाणी मागितलं तरी सरबत येतं. गेल्या आखाजीला मी मुद्दाम नळाची तोटी आवळून आवळून मोडली आणि वाट पाहत उभा राहिलो.

"तोटीच कच्ची होती, बापू," घरातून आवाज आला. "तुम्ही बसा."

मी बसलो. सरबत आलं.